108 येईस्तोवर

आर्णीतून 108 लावला की फोन पुण्यात उचलला जातो. औंधच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला कोळवण कुठं, लोणबेहळ कुठं, कंबलपोष बाबांच्या दर्ग्याकडून बसस्टँडकडे कसं यायचं, हे ठाऊक असायचं कारण नाही. तो शांतपणे विचारतो: जिल्हा कोणता, तालुका कोणता, गाव कोणतं, जवळची खूण काय. आणि इकडचा घाबरलेला माणूस "अहो, आधी गाडी पाठवा ना" म्हणत त्याच्यावरच खेकसतो. म्हणून या पुस्तिकेचं पहिलं अख्खं पान पत्ता कसा सांगावा यावर खर्च केलं आहे. शहरातल्या वाचकाला ते फुकट गेल्यासारखं वाटेल. आर्णीकराला वाटणार नाही.

108 ची ही सेवा राज्यात जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली ती 937 रुग्णवाहिकांनिशी. त्यांतल्या 233 जास्त सोयींच्या, 704 मूलभूत सोयींच्या, आणि प्रत्येक गाडीत डॉक्टर. शहरात वीस मिनिटांत आणि खेड्यात अर्ध्या तासात पोचायचं, असं माप तिनं स्वतःला घालून घेतलं. नागपूर-तुळजापूर रस्त्यावरच्या, यवतमाळपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आर्णी तालुक्याला अर्धा तास काही वाईट नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, झाडावरून पडून मांडी मोडली, तर तो पुरतो. एका प्रसंगाला मात्र पुरत नाही. चालता-बोलता माणूस धाडकन खाली येतो, हाक मारली तर ओ देत नाही आणि श्वास थांबतो. त्याचं हृदय बंद पडलेलं असतं. रक्त मिळालं नाही तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. काहीच न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटामागं वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते, म्हणजे दहाव्या मिनिटाला हिशेबात फारसं काही उरत नाही. गाडीतला डॉक्टर कितीही हुशार असो, त्याला वाचवण्यासारखं काही शिल्लक ठेवण्याचं काम त्या माणसाजवळ जो उभा होता त्याचं.

तो कोण असतो? पानटपरीवाला, ऑटोवाला, कृषी केंद्राच्या काउंटरवरचा पोरगा, कापूस वेचायला आलेल्या बाया, शेजारची काकू. ही पुस्तिका त्यांच्यासाठी आहे. डॉक्टरांना यातलं सगळं माहीत असतं, आणि नेमक्या त्या वेळी ते तिथं नसतात.

आता हा माणूस काय करतो ते पाहू. तो धावत येतो, यात शंका नाही. विदर्भातल्या गावांत माणूस पडला आणि कुणी आलंच नाही, असं सहसा होत नाही. दोन मिनिटांत वीस माणसं जमतात. एक जण "हवा येऊ द्या, मागं सरा" म्हणत स्वतः पुढं येतो. कुणी तोंडावर पाणी मारतं. कुणी तळपाय चोळायला घेतं. हृदय बंद पडतानाच्या पहिल्या क्षणांत कधीकधी हातपाय झटके देतात. ते पाहून कुणी तरी "फिट आली" असं जाहीर करतं, मग कांदा फोडला जातो, चप्पल नाकाशी धरली जाते. तेवढ्यात ऑटो येतो. चौघं मिळून बेशुद्ध माणसाला आत कोंबतात, कुणीतरी त्याला मांडीवर बसतं करून धरतं आणि ऑटो ग्रामीण रुग्णालयाकडे सुटतो. या सगळ्यात माया आहे, धावपळ आहे, आणि ज्या एका गोष्टीनं उपयोग झाला असता ती कुणीही केलेली नाही. छाती कुणी दाबली नाही.

दवाखान्यात नेऊ नका, असं इथं कुणी म्हणत नाही. न्यायलाच हवं. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं 2017 साली सामान्य माणसांसाठी फक्त छाती दाबण्यावर आधारलेली जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्याही चार पायऱ्यांत शेवटची लवकर हलवण्याचीच आहे. पण ती चौथी आहे. आधी ओळखणं, मग मदत बोलावणं, मग दाबायला लागणं. आपण पहिल्या तिन्ही ओलांडून थेट चौथीवर उडी मारतो, कारण वाहनावर आपला विश्वास आहे आणि आपल्या हातांवर नाही.

ओळखण्याची पायरी सगळ्यांत सोपी दिसते आणि तिथंच सर्वांत जास्त माणसं चुकतात. खांदे हलवून मोठ्यानं हाक मारायची. उत्तर नाही, हालचाल नाही. मग छातीकडे पाहायचं, नेहमीसारखा श्वास चालू आहे का. इथं फसगत होते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं पुष्कळ लोक आचके देतात. तोंड उघडतं, घशातून घरघर येते, मग लांबलचक खंड, मग पुन्हा एक आचका. बघणारा म्हणतो, "श्वास चालू आहे, थांबा." तो श्वास नव्हे. मेंदूच्या खोलवरच्या भागातून येणारी ती शेवटची उसळी आहे, आणि तिचा अर्थ एवढाच की हृदय नुकतंच थांबलं आहे, म्हणजे हात लावायची हीच वेळ.

आपल्याकडे घरघर लागली की काय होतं, ते लिहायला जरा जड जातं. तुळशीपत्र आणि गंगाजलाची शोधाशोध होते. नव्वदीतली, महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेली आजी असेल तर त्यात वावगं काही नाही. तिला शांतपणे जाऊ द्यावं, तिच्या बरगड्यांवर जोर काढू नये, आणि ही पुस्तिकाही तसं सांगत नाही. पण सकाळी वावरातून फिरून आलेला, चहा मागितलेला पन्नाशीचा माणूस ओट्यावर पडून आचके देत असेल, तर ती घरघर निरोपाची समजून त्याच्या तोंडात पाणी घालणं म्हणजे घशात अडथळा घालणं आहे. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. चमचाभर पाणीसुद्धा श्वासनलिकेत जातं.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. छाती दाबायची तर पाठीखाली कठीण जमीन हवी. बाजेवर किंवा गादीवर दाबलं तर नुसती बाज खाली-वर होते, छाती दाबली जात नाही. म्हणून त्या माणसाला खाली घ्यावं लागतं. आणि आपल्या घरांत माणसाला भुईवर घेणं म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. ते मरणाऱ्याला घेतात. एखाद्या धीट पोरानं वडिलांना बाजेवरून खाली घ्यायला हात घातला, तर घरातल्या बाया हंबरडा फोडतील, "अरे, काय करतोस, अजून जीव आहे!" बाहेरच्या देशांत लिहिलेल्या माहितीपत्रकांत ही अडचण सापडणार नाही, कारण तिथल्या माणसाला ती पडत नाही. आपल्याला पडते. तिच्यावर एकच उपाय मला दिसतो: ज्या दिवशी घरात कुणी आजारी नाही, अशा दिवशी जेवणं झाल्यावर हे बोलून ठेवायचं. आईला, आजीला, सुनेला सांगायचं की मी कधी कुणाला खाली घेतलं, तर तो जगावा म्हणून घेतलं असं समजा.

खाली घेतल्यावर करायचं ते थोडं आहे. बाजूला गुडघ्यांवर बसायचं. छातीच्या मधोमध, दोन्ही स्तनाग्रांच्या मधल्या हाडावर, एका तळहाताची टाच ठेवायची, त्यावर दुसरा हात, बोटं वर उचललेली. कोपरं ताठ, खांदे सरळ हातांच्या वर. मग अंगाचं वजन टाकून निदान पाच सेंटिमीटर खाली दाबायचं, सहाच्या पुढं जायचं नाही, आणि प्रत्येक वेळी छाती पुरती वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला 100 ते 120, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. मोठ्यानं मोजलं की वेग सांभाळला जातो आणि आजूबाजूच्यांनाही कळतं की इथं काहीतरी शिस्तीचं चाललं आहे. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे थांबायचं नाही. हापशी मारताना पहिले काही दांडे नुसते हवेत जातात, मग पाणी वर येतं, आणि मध्येच हात थांबला की पाणी खाली जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. छातीचंही तसंच आहे. रक्ताचा दाब तयार व्हायला बरेच दाब लागतात आणि तो कोसळायला काही सेकंद पुरतात. नाडी लागते का, डोळे उघडले का, हे दर दहा सेकंदांनी बघणारा उत्साही माणूस म्हणूनच नुकसान करतो.

दोन मिनिटांत दाबणारा दमतो. धडधाकट गडीसुद्धा दमतो, आणि दमल्यावर त्याचे दाब उथळ होतात, पण ते त्याला स्वतःला कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. एवढ्यासाठी एका घरात एकानं शिकून भागत नाही. आळीत चौघांना यायला हवं.

बरगडी मोडली तर? मोडू शकते. कट्‌ असा आवाज येतो आणि दाबणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तरीही थांबायचं नाही. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर उत्साहाच्या भरात भलतंच होईल. छातीत दुखतंय, घाम फुटलाय, डावा हात भरून आलाय, पण माणूस बोलतोय, अशा माणसाची छाती दाबायची नाही. त्याच्या हृदयाची एखादी रक्तवाहिनी तुंबलेली असते. हृदय चालू असतं. त्याला चालवू नका, जिना चढवू नका, मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका, बसतं ठेवून दवाखाना गाठा. आपल्याकडे अशा वेळी "गॅस झाला" म्हणून सोडा पाजतात आणि रात्रभर वाट बघतात. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस पुढच्या तासाभरात कधीही कोसळू शकतो, आणि कोसळला, श्वास थांबला, की मग मात्र क्षणाचाही उशीर नको. अभिनेते श्रेयस तळपदे 14 डिसेंबर 2023 रोजी मुंबईत चित्रीकरण आटोपून घरी आले, बरं वाटेना म्हणून पत्नी त्यांना गाडीनं दवाखान्यात घेऊन निघाली, आणि वाटेत ते कोसळले. पुढं मुलाखतींत त्यांनी सांगितलं की आपलं हृदय दहाएक मिनिटं बंद होतं, आणि छाती दाबून व विजेचा झटका देऊन डॉक्टरांनी आपल्याला परत आणलं. मुंबईत दवाखाना जवळ होता. दाभडीहून किंवा सावळी सदोब्याहून निघालेल्या गाडीत ते नशीब नसतं.

ही विद्या फार जुनी नाही, आणि तिचा जन्म ज्या अपघातांतून झाला ते आर्णीच्या शेतकऱ्याला चांगले ओळखीचे आहेत. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कोवेनहोवन नावाचे वीज अभियंते होते, डॉक्टर नव्हे. खांबांवर चढणारे लाइनमन शॉक लागून मरत, आणि वीज कंपन्यांना त्यावर उपाय हवा होता. त्यासाठी ते विजेचा हृदयावर होणारा परिणाम तपासत होते. 1958 च्या सुमारास त्यांच्याकडे संशोधन करणाऱ्या गाय निकरबॉकर यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगात एक विचित्र गोष्ट दिसली. झटका द्यायचे जड इलेक्ट्रोड छातीवर नुसते दाबून धरले, तरी प्राण्याचा रक्तदाब थोडा वर उचलला जाई. वीज सुरू करायच्या आधीच. जेम्स ज्यूड या शल्यविशारदाला त्याचं महत्त्व उमगलं. तोवर बंद हृदय सुरू करायचं तर छाती फाडून ते हातात धरून पिळत. या तिघांनी 1960 च्या जुलैत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात वीस रुग्णांचा अनुभव छापला. त्यांतले चौदा जगले होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे कुणालाही, कुठंही करता येईल, लागतात ते फक्त दोन हात.

आपल्याकडे रात्रीच्या विजेवर ओलिताला जाणारा शेतकरी, उघड्या वायरचा पंप, ओली माती. शॉक लागलेल्याचं हृदय असंच थांबतं, आणि तो बहुतेकदा तरुण, निरोगी असतो, म्हणजे परत येण्याची शक्यता त्याला सर्वांत जास्त. मात्र आधी डीपीवरून वीज बंद. प्रवाह चालू असताना भावाला ओढायला गेलेला दुसरा भाऊही जातो.

पाण्यात बुडालेल्यांचं थोडं वेगळं आहे. पोळ्याला बैल धुवायला उतरलेली मुलं, विसर्जनाची गर्दी, न कुंपण घातलेली शेततळी. बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढायचं, उलटं टांगायचं, खांद्यावर घेऊन गोल फिरवायचं, हे आपण सिनेमात पाहिलं आहे आणि गावात केलंही आहे. पोटातलं पाणी त्याला मारत नव्हतं. प्राणवायू न मिळाल्यानं तो मरत होता, आणि पोट दाबलं की आतलं सगळं घशात येऊन उरलीसुरली वाटही बंद होते. प्रेत मिठात पुरून ठेवलं की जिवंत होतं, या भाकडकथेपायी तासन्‌तास घालवल्याच्या बातम्या महाराष्ट्रातूनही आल्या आहेत. बुडालेल्याला आणि लहान मुलाला छाती दाबण्याबरोबर तोंडानं श्वासही द्यावा लागतो, तीस दाबांमागं दोन. ते शिकूनच करावं. पुस्तिकेत त्याचं प्रकरण वेगळं आहे. आणि येत नसेल तर नुसती छाती दाबा. काहीच न करण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

यवतमाळ जिल्ह्यात लिहायचं आणि फवारणीबद्दल बोलायचं नाही, असं होऊ शकत नाही. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या त्या खाटा अनेकांच्या डोळ्यांसमोरून अजून गेल्या नसतील. विषबाधेनं श्वास थांबलेल्या माणसाच्या तोंडाला तोंड लावू नये, कारण ते विष तुमच्या अंगात येतं. माखलेले कपडे काढावे, अंग भरपूर पाण्यानं धुवावं, स्वतःच्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्या आणि छाती दाबावी. हे तपशील मला या पुस्तिकेत सगळ्यांत मोलाचे वाटतात, कारण ते इथल्या वावरातून आले आहेत.

आता बाईमाणसाबद्दल. परदेशातल्या अनेक पाहण्यांत दिसलं आहे की सार्वजनिक जागी कोसळलेल्या स्त्रीची छाती दाबायला लोक पुरुषाच्या मानानं कमी वेळा पुढं येतात. ज्या देशांत आपल्याइतका आडपडदा नाही तिथं ही स्थिती, तर आर्णीच्या बाजारात काय होईल ते सांगायला नको. पोरं मागं सरतील, म्हातारे नजर वळवतील, कुणीतरी पदर नीट करेल. मी यावर उपदेश करणार नाही, कारण उपदेशानं संकोच जात नाही. उपाय व्यवहाराचा आहे: बायांनीच शिकावं. आशा, अंगणवाडी सेविका, बचत गट, शाळेतल्या मोठ्या मुली. कपडे उतरवायची गरज नसते, ब्लाऊजवरूनही दाबता येतं. चौघींनी पदर धरून आडोसा केला आणि पाचवी दाबायला बसली, तर कुणाच्या अब्रूला धक्का लागत नाही. आणि तिथं एकही बाई नसेल तर? तर जो असेल त्यानं. तिचा नवरा उद्या येऊन भांडेल या भीतीपेक्षा, तो येईल तेव्हा तिला जिवंत पाहील, हे मोठं आहे.

पोलिसांची भीती मात्र खरी होती, निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत. मदत करणाऱ्यालाच ठाण्यात बसवून ठेवायचे, साक्षीला फेऱ्या मारायला लावायचे. नागपूर-तुळजापूर रस्त्यावर ते कुणाला सांगायला नको. 19 मे 2020 च्या पहाटे, टाळेबंदीत सोलापूरहून नागपूरकडे मजुरांना घेऊन निघालेली एसटी कोळवणजवळ ट्रकवर आदळली आणि चौघांचा जीव गेला. अशा जागी पहिली पोचतात ती जवळच्या गावातली माणसं. त्यांच्यासाठी कायदा आता बराच बदलला आहे. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 30 मार्च 2016 रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची तत्त्वं बंधनकारक केली, आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला सद्हेतूनं मदत करणाऱ्यावर, त्या मदतीत काही चुकलं तरी, दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे कलम रस्ते अपघातापुरतं आहे; बाजारात कोसळलेल्याला मदत करणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेतलं कलम 30 आहे, जे पूर्वी भारतीय दंड विधानात 92 होतं. संमती घेण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूनं केलेली कृती गुन्हा ठरत नाही, असं ते सांगतं. कायद्याची ही दोन्ही कलमं पुस्तिकेच्या मलपृष्ठावर ठळक छापली आहेत. कापून पाकिटात ठेवली तरी हरकत नाही.

अपघाताबद्दल एक खुलासा. जखमेतून भळाभळा रक्त जात असेल तर आधी ते दाबून धरायचं. शरीरात रक्तच उरलं नाही तर छाती दाबून फिरवणार काय?

सिनेमात चार दाब दिले की नायक खोकतो आणि उठून बसतो. खऱ्या आयुष्यात असं क्वचित होतं, आणि ते आधीच सांगितलं नाही तर शिकवणाऱ्यावरचा विश्वास पहिल्याच प्रसंगी उडेल. दाबणारा हृदय सुरू करत नाही, तो मेंदूला थोडंथोडं रक्त पोचवत वेळ विकत घेतो. हृदय सुरू करायला बहुतेकदा विजेचा झटका लागतो. तो देणारी स्वयंचलित यंत्रं विमानतळांवर दिसतात. तालुक्याच्या बसस्टँडवर ती दिसू लागायला वेळ आहे. त्यामुळं सगळं नीट केलं तरी पुष्कळ माणसं जातील. डेन्मार्कनं 2005 मध्ये शाळांत आणि 2006 पासून वाहन परवान्यासाठी हे शिक्षण सक्तीचं केलं. 2001 साली तिथं कोसळलेल्या पाच जणांतल्या एकाला जवळच्या माणसाची मदत मिळत होती, 2010 पर्यंत जवळपास निम्म्यांना मिळू लागली. महिन्यानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून 10.8 टक्क्यांवर गेलं. तिपटीनं वाढलं, तरी शंभरातले एकोणनव्वद गेलेच. त्याच देशाचा फुटबॉलपटू क्रिस्तियन एरिक्सन 12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानावर भर सामन्यात कोसळला, त्याची छाती तिथंच गवतावर दाबली गेली, यंत्रानं झटका दिला गेला, आणि आठ महिन्यांनी तो पुन्हा स्पर्धात्मक सामन्यात उतरला. हा एक आणि ते एकोणनव्वद, दोन्ही ध्यानात ठेवून शिकायला यावं. आणि गावानं एवढं करावं: ज्यानं हात लावला आणि तरी माणूस गेला, त्याला दारात उभं करून "तू काहीतरी भलतं केलंस" असं म्हणू नये. असं एकदा झालं की त्या गावात पुढची दहा वर्षं कुणी हात लावणार नाही.

वाचून हे येत नाही, हे पुस्तिकेच्या प्रस्तावनेत लिहिणं जरा विचित्र आहे, पण ते खरं आहे. पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे हातालाच कळावं लागतं. त्यासाठी बाहुली लागते. नॉर्वेतल्या ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानं 1960 मध्ये ती पहिल्यांदा बनवली, आणि तिला चेहरा दिला तो पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या एका अनोळखी मुलीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्याचा. बुडून गेलेल्या मुलीच्या तोंडावर जगभरची माणसं जीव वाचवायला शिकली. आपल्याला इतक्या सुबक बाहुलीची गरज नाही. भारतात साध्या, अर्ध्या धडाच्या बाहुल्या मिळतात आणि एकीवर शेकडो जण शिकू शकतात.

एसटीच्या वाहकाला परवान्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असतं. गाडीतली प्रथमोपचाराची पेटी बहुतेकदा रिकामी असते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक असतं. कागदावरचं शिक्षण असं कागदावर राहतं. म्हणून नगर परिषद, शाळा-महाविद्यालयं, दर्ग्याच्या उरुसाची आणि गणेशोत्सवाची व्यवस्था पाहणारी मंडळं, या सगळ्यांना एक विनंती आहे. वर्गणीतून आर्णीसाठी एक बाहुली घ्या आणि ती कार्यालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. एक आठवडा शाळेत, एक आठवडा ऑटो स्टँडवर, मग जवळ्याला, मग एखाद्या तांड्यावर, अशी ती फिरती राहू द्या. दर वर्षी 16 ऑक्टोबरला जगभर हृदय पुन्हा सुरू करण्याच्या प्रशिक्षणाचा दिवस पाळतात. सोयाबीन घरात आलेलं असतं, कापसाची पहिली वेचणी सुरू व्हायची असते. त्या दिवशी बसस्टँडसमोर चटई अंथरा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन मिनिटं दाबायला लावा. शिकवायला ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आणि 108 च्या गाडीवरचे डॉक्टर यांना आधी एक महिना सांगून ठेवा.